फट

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून आत बसवतात तो पाईपांचा पिंजरा, घरीच बनवतोय म्हटलं की जो तो एकच विचारतो, वेल्डिंग येतं का तुला? पाईपचं तोंड कापता येतं का हे अजून कोणी विचारलेलं नाही. मलाही आधी वाटायचं वेल्डिंग जमलं की झालं, म्हणून दोन महिने भंगार पत्र्यांवर रॉड जाळले, जरा बरी रेघ पडायला लागली आणि मग काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, निघालो पाईप आणायला.

तिथे कळलं की पाईप वेगळा आणि ट्यूब वेगळी. पाईप आतल्या भोकाच्या नावाने ओळखतात आणि तो आकडाही अंदाजेच, ट्यूब मात्र बाहेरच्या व्यासावर आणि भिंतीच्या जाडीवर मोजतात. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटर रेसिंग संघटनेच्या नियमात ड्रायव्हरमागच्या मुख्य कमानीला ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, नाहीतर ५० आणि २, आणि तीही बिनजोड, कोल्ड ड्रॉन, म्हणजे न तापवता ओढून काढलेली. व्यास वाढला की भिंत थोडी पातळ चालते, कारण लोखंड मध्यापासून जेवढं लांब तेवढं ते वाकायला जड. भरीव गज बिचारा उगाच वजन वाहतो.

डिझाईन मी स्ट्रॉ आणि टाचण्यांनी केलं. हसू नका. चौकोन करून कोपऱ्याला बोट लावलं की तो लगेच पेंगल्यासारखा एका अंगावर कलतो, त्यात एक तिरपी स्ट्रॉ घाला, ढिम्म हलत नाही. पिंजऱ्याचं सगळं शास्त्र त्या तिरप्यांत आहे, आणि नेमक्या त्याच सीट काढताघालताना, दारातून आतबाहेर करताना आडव्या येतात म्हणून वगळाव्याशा वाटतात.

वाकवण्याबद्दल फार सांगत नाही. बाक व्यासाच्या निदान तिप्पट त्रिज्येचा हवा, नाहीतर आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात, आणि बेंडर सोडला की पाईप थोडा मागे येतोच, म्हणून काटकोन हवा असेल तर एकदोन अंश पुढे जायचं. हे दोन तुकडे वाया घालवून शिकलो.

खरी परीक्षा तोंडाची. गोल पाईप गोल पाईपला टेकवायचा तर एकाचं टोक माशाच्या उघड्या तोंडासारखं कापावं लागतं. कागदाचा साचा गुंडाळायचा, मार्करने रेघ, ग्राइंडरने रेघेच्या अलीकडे थांबायचं आणि मग अर्धगोल कानस. घास, लाव, मागे बॅटरी धरून बघ, उजेड दिसला की परत घास. त्यात जोड काटकोनात असेल तर निदान दोन्ही ओठ सारखे, तिरपीला एक ओठ लांब आणि एक आखूड, आणि एका टोकाचं जमलं की दुसरं टोक दोन अंश फिरलेलं निघतं, म्हणजे पाईप उलटा करून सगळं पहिल्यापासून.

एका संध्याकाळी वैतागून मी चारेक मिमीची फट तशीच ठेवली. म्हटलं रॉडने भरून घेऊ. भरलीही, चांगली गुबगुबीत दिसत होती, खपली उडवल्यावर तर मी फोटोसुद्धा काढला. सकाळी कर्ण मोजले तर दोघांत नऊ मिमीचा फरक! वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, आणि जेवढं जास्त भरलंय तेवढं जास्त ओढतं, त्या एका जोडाने अख्खी कमान स्वतःकडे खेचून घेतली होती. कापून काढला. तेव्हापासून आधी सगळीकडे नुसते टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मग मोजमाप, मग समोरासमोरचे जोड आलटून पालटून.

छताखालच्या जोडांना चारी बाजूंनी रॉड पोचत नाही. त्यावरची युक्ती मला फार आवडली. पिंजऱ्याच्या पायांखालच्या प्लेटा जिथे येणार तिथे गाडीच्या तळाच्या पत्र्याला भोकं पाडायची, पिंजरा त्यातून खाली सोडायचा, वर मोकळी जागा झाली की जोड पूर्ण करायचे, मग पिंजरा उचलून खाली प्लेटा सरकवायच्या. गाडीच्या बॅटरीची वायर तेवढी वेल्डिंगआधी काढा. आणि हो, गाडी रोजच्या रस्त्यावर पळवायची असेल तर हे धंदे करूच नका, बिन हेल्मेटच्या डोक्याजवळ उघडा पाईप म्हणजे संकटाला घरात खोली देणं. माझी फक्त ट्रॅकवर जाणार आहे, हेल्मेट घालून आणि पाईपवर पॅडिंग चढवूनच.

सध्या पुढचा उजवा पाय राहिलाय. प्लेटवर किंचित तिरका बसतोय, एका बाजूने नखभर उजेड येतो. मशीन बंद करून ठेवलंय, कानस कुठे ठेवली ते शोधतोय.