रद्दीवाल्याच्या काट्यावर हिमालय

सॅक पहिल्यांदा तोलली गेली ती आमच्या गल्लीत, रद्दीवाल्याच्या काट्यावर. 11 किलो 400 ग्रॅम. "भिया, इत्ती तो सालभर की रद्दी नी निकलती आपके यां," तो म्हणाला. आतेभाऊ हसला. त्याची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, हसली नाही. तिने तिथेच वही उघडली.

आमचा बेत लहानसाच होता. ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, इंदूरहून रेल्वेने हरिद्वार, पुढे रुद्रप्रयाग-उखीमठमार्गे सारी हे गाव. तिथून देवरिया ताल, जंगलातून चोपता, आणि शेवटी तुंगनाथाचं देऊळ व त्याच्या वरचं चंद्रशिला शिखर. चालणं दोनच दिवसांचं. दिवाळीनंतर तुंगनाथाचे कपाट, म्हणजे देवळाची दारं, बंद होतात आणि देव मक्कूमठला उतरतात, म्हणून आधी जायचं.

वहीत पहिला बळी गेला तंबूचा, 2 किलो 300. तळ्याकाठी तंबू, बाहेर चांदणं, असं माझं वीस वर्षांपासूनचं स्वप्न. पण बुग्यालांवर, म्हणजे डोंगरमाथ्यांवरच्या गवताळ कुरणांवर, रात्री मुक्काम करायला उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 मध्ये बंदी घातली आहे. ते गवत एकदा तुडवलं गेलं की लवकर उभं राहत नाही, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नव्हतं. सारीत आणि चोपत्यात खोल्या घ्यायचं ठरलं. खोलीत रजाई मिळते, म्हणून स्लीपिंग बॅगही गेली, 1 किलो 400. जीन्स गेली, 600. आता 7 किलो 100. पाठीवर शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ओझं चालतं म्हणतात, पण त्या हिशेबात माझे गुडघे धरलेले नसावेत. सातच्या खाली आणायचंच असा मला चेव चढला आणि मी लोकरीचे हातमोजे काढून ठेवले. 120 ग्रॅम. आकडा 6 किलो 980 झाला आणि मला उगाच कर्तबगार वाटलं.

सरावाला दर रविवारी रालामंडल. टेकडीवर होळकरांची शिकारकोठी आहे, तिथवर सॅक घेऊन चढायचं आणि उतरायचं. मग पोहे-जलेबी. त्यामुळे गुडघे तयार झाले, पोट मात्र होतं तिथेच राहिलं.

खाण्यावरून घरात खरी जुंपली. देवरिया तालच्या पुढे चोपत्यापर्यंत साधारण 15 किलोमीटर जंगल, पाणीही जवळजवळ शेवटपर्यंत मिळत नाही. म्हणजे माणशी 2 लिटर पाणी, दोन किलो वजन पुन्हा पाठीवर. आतेभावाला स्टोव्ह आणि खिचडी हवी होती. पुतणी म्हणाली, "बाबा, तिथे पाणी 92 अंशालाच उकळतं, डाळ शिजेपर्यंत संध्याकाळ होईल." दर 300 मीटरला उकळबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो आणि तळं 2438 मीटरवर आहे, हे तिने आम्हाला ऐकवलं. मग पातळ पोहे, शेंगदाणे, आईचं मेतकूट आणि जिरावनाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याची, डबी. डबी काढा असं वहीवालीसुद्धा म्हणाली नाही.

शेव मात्र तिने काढली. "चुरा होतो." आतेभाऊ गप्प बसला. इंदूरचा माणूस शेवेवरून गप्प बसतो तेव्हा संशय घ्यायला हवा होता.

सारीहून पहाटे निघालो. तळ्यात चौखंबा शिखर उलटं उभं होतं, 7138 मीटरचं. पुढचं जंगल संपता संपेना. दुपारी पोह्यांवर पाणी शिंपडलं, मेतकूट-जिरावन भुरभुरलं आणि तिघांनी एकाच डब्यात हात घातले. आकाशकामिनीच्या ओढ्याशी पोचलो तेव्हा माझ्या बाटलीत दोन घोट उरले होते.

मुक्काम चोपत्यातच, साधारण 2700 मीटरवर. उंच चढून पुन्हा खाली येऊन झोपलं की डोकं ठणकायची भीती कमी. दुसऱ्या दिवशी पहाटे 3 वाजता निघालो. इंदूर 550 मीटरवर, तुंगनाथ 3680 वर. हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं असं धरलं तर वीस अंशांचा फरक. हे गणित मी स्वतः वहीत मांडलं होतं आणि तरी हातमोजे घरी ठेवले होते. तुंगनाथाच्या दारात पोचेपर्यंत बोटं माझी राहिली नव्हती. पुतणीने न बोलता सॅकमधून माझेच जादा पायमोजे काढून दिले. ते हातात घालून मी देवाला नमस्कार केला. मोबाइल बाहेरच्या कप्प्यात होता, थंडीने बॅटरी आडवी झाली होती.

चंद्रशिलेवर आतेभाऊ सॅक उघडायला तयार होईना. पुतणीने ओढून उघडली. आत लसूण शेवेचं बंद पाकीट, वरच्या विरळ हवेत फुटबॉलसारखं टम्म फुगलेलं. अर्धा किलो.

"वहीत नाही हे," ती म्हणाली.

"माझ्या पाठीवर होतं," तो म्हणाला.

तेवढ्यात चौखंब्याच्या टोकाला ऊन लागलं. मी हात पुढे केला, पण पायमोज्यांतून पाकीट फाटेना. शेवटी तिनेच दातांनी फोडलं, आणि पहिली मूठ स्वतः घेतली.