मामांच्या पद्मिनीला मागचे पट्टे

लेकीसाठी बूस्टर सीट आणली. खोक्यावर अट छापलेली होती: कमरेचा आणि खांद्याचा असे दोन्ही पट्टे असतील त्याच जागेवर वापरा. आमच्या १९८२ च्या प्रीमियर पद्मिनीत मागे एकही पट्टा नव्हता, नुसतं रेक्झिनचं लांबलचक बाक. बूस्टर पोराला उंच करतं ते पट्टा गळ्यावर न येता खांद्यावर यावा म्हणून. पट्टाच नसेल तर तो नुसता पाट. म्हणून मागे पट्टे बसवून घ्यायचं ठरवलं.

गाडी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामांची. निपाणीला नणंदेकडे जायचं तरी हीच, सौंदत्तीला यल्लम्माला जायचं तरी हीच. कागदोपत्री ती व्हिंटेजही नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली की गाडी व्हिंटेज होऊ शकते, आणि तशी नोंद केली की रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. आमची अजून बाजाराला जाते.

"मूळ गाडीला भोकं पाडालीस होय गं? त्या काळात कुठं होते पट्टे?" मामांनी विचारलं. मी म्हटलं, "मामा, खांद्यावरून येणारा हा पट्टा व्होल्वोच्या नील्स बोलिन यांनी १९५९ मध्येच आणला. तुमची पद्मिनी ज्या फियाट ११०० डी वरून आली ती १९६२ ची. पट्टाच थोरला." मामा गप्प बसले. हे त्यांचं 'हो' नसतं, पण मी ते धरलं.

आमच्या ह्यांच्या मित्राने लगेच तोडगा काढला: जुन्या बाजारातून ॲक्सिडेंटच्या गाडीचे पट्टे आणायचे, मागच्या काचेखालच्या पत्र्याला वायसर लावून बोल्ट मारायचा, संध्याकाळपर्यंत काम खलास. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. माझा दिवस आटे आणि भोकं मोजण्यात जातो, त्यामुळे 'वायसर लावून' ऐकलं की पोटात गोळा येतो. ५० च्या वेगाने जाणारी गाडी अर्ध्या मीटरात थांबली, तर ७० किलोच्या माणसाचा पट्ट्यावर येणारा भार साधारण १३०० ते १४०० किलो भरतो. काचेखालचा पातळ पत्रा त्याला काय पुरणार? बोल्ट वायसरसकट पत्रा फाडून बाहेर येईल. आणि एकदा धडकेत ताणला गेलेला पट्टा वरून कितीही चांगला दिसला तरी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून पट्टे नवेच आणले, गोलात 'ई' अक्षराचा शिक्का असलेले, म्हणजे आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांप्रमाणे मान्यता मिळालेले.

खरं काम पत्र्याच्या मागचं. शर्यतीच्या गाड्यांसाठी एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेचा नियम आहे: पट्टा जिथे बांधायचा तिथे पत्र्यामागे निदान ३ मिमी जाडीची आणि ४० चौरस सेंमीची लोखंडी पट्टी हवी. आम्ही तोच आकडा धरला आणि त्याहून मोठ्याच पट्ट्या कापल्या, कोपरे गोल करून, म्हणजे पत्र्यात धार घुसायची नाही. बोल्ट ७/१६ इंची, इंचाला २० आटे. सीट बेल्टला बहुतेक सगळीकडे हाच चालतो. नट पट्टीला आधीच वेल्ड करून घेतले आणि प्रत्येकातून आटे तपासायचा गेज फिरवून बघितला. वेल्डिंगच्या उष्णतेने आटे दबतात, हे बसवल्यावर कळून उपयोग नाही.

वरची कडी मागच्या दाराच्या पाठच्या खांबात, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या किंचित वर घेतली. ती खांद्याखाली राहिली तर धडकेत पट्टा खांदे खाली ओढतो आणि सगळा दाब मणक्यावर येतो. नुसता काचेखाली बोल्ट मारला असता तर नेमकं तेच झालं असतं, कारण पद्मिनीच्या मागच्या सीटची पाठ बुटकी. कमरेचे बोल्ट खाली जमिनीत. पट्टा कमरेच्या हाडावरून जायला हवा, पोटावरून नव्हे, म्हणून पट्टे सीटच्या सांध्यातून बऱ्यापैकी उभे वर आणले. ड्रिल चालवण्याआधी खाली झोपून ब्रेकची नळी आणि पेट्रोलची लाइन कुठून जाते ते खडूने आखून घेतलं.

पट्टा गुंडाळून घेणाऱ्या रिळाची तऱ्हा वेगळीच. हातात घेऊन तिरकं केलं की आपोआप लॉक होतं, कारण आतला गोळा कलतो. म्हणजे कंपनीने ठरवलेल्या कोनातच ते बसायला हवं, नाहीतर पट्टा बाहेरच येत नाही. काचेखाली उभी ब्रॅकेट केली आणि तिलाही डिकीतून पट्टीचा आधार दिला. पट्ट्यांपेक्षा जास्त पैसे वेल्डिंग, रंग आणि कुशनवाल्यात गेले.

पट्टे दोनच बसवले. मधल्या जागेला नाही, आणि आता तिथे कुणी बसतही नाही. यावरून घरात जेवढी चर्चा झाली तेवढी भोकांवरून झाली नाही. "वहिनी, सात जणं जायची की गं ह्या गाडीतनं!" नणंदेचं म्हणणं खोटं नाही. पण मागच्यांनीही पट्टा लावायचा हा नियम आहे, नाही लावला तर १००० रुपये दंड. दंड राहू दे. सप्टेंबर २०२२ मध्ये चारोटीला सायरस मिस्त्रींच्या गाडीत मागचे दोघे पट्ट्याविना होते. ते गेले, पुढचे दोघे वाचले. आणि ती मर्सिडीज होती. आमच्या गाडीत ना एअरबॅग, ना मागे डोक्याला आधार. पट्ट्यांनी ती आजची गाडी होत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून वंटमुरी घाटात ती अजूनही ट्रकच्या मागेच चालते.

आता नणंदेच्या मिस्टरांना त्यांच्या ॲम्बॅसॅडरला असंच करून हवंय, पट्टे कुठून घेतले विचारत होते. मी म्हटलं, भाऊजी, आधी सीट काढा, खालचं मॅटिंग उचला आणि जाड स्क्रू-ड्रायव्हरने पत्रा ठोकत जा. आपल्याकडच्या पावसात तो आतून कुजतो. स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला तर पट्टे घेऊ नका, पत्रेवाल्याला फोन करा.