फळ्यावरची बातमी

१९७३ साली, आठवीत असताना, व्हरांड्यातल्या फळ्यावर रोजची बातमी लिहायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं. कारण एकच, अक्षर. बातमीची समज मला काडीची नव्हती.

आमच्या इंदूरच्या वाड्यात तीन बिऱ्हाडांत मिळून ‘नईदुनिया’ या हिंदी दैनिकाचा एक अंक येई. वरच्या काकांचं वाचून होईतो शाळेची वेळ, म्हणून माझ्या बातम्या रेडिओवरून कानानं टिपलेल्या. नावांचे घोळ होत. सर काही न बोलता खडूनं दुरुस्त करत. त्या ऑक्टोबरात मी लिहिलं, ‘अरब देशांकडून तेलात कपात’. सर म्हणाले, “आता घासलेट जपून जाळा रे.” मला वाटलं, थट्टा करताहेत. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेलं कच्चं तेल जानेवारीत साडेअकराच्या पुढे गेलं, आणि मी कंट्रोलच्या दुकानापुढे डबा रांगेत लावून इतिहासाचं पुस्तक वाचत बसलो.

पोखरणचा स्फोट १८ मे १९७४ चा. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी! एवढी मोठी बातमी हातची गेली, याची चुटपुट अजून आहे.

जुलैत शाळा उघडल्यावर लिहिलं, ‘वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीच्या ठेवीत’. खाली निळ्या खडूची रेघही ओढली. मधल्या सुट्टीत पाहतो तर सगळे शिक्षक फळ्यापुढे उभे, गणिताच्या बाई बोटांवर काहीतरी मोजताहेत. घरी बाबांनी जेवताना तेच सांगितलं, भत्त्यातली अर्धी वाढ हाती न येता सरकारकडे अडकणार. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून शेंगदाण्याचं तेल पळीऐवजी चमच्यानं पडू लागलं. माझ्या बातमीचा असा परिणाम पहिल्यांदाच दिसला.

आणीबाणी लागली आणि सर म्हणाले, “आता सुविचार लिही.” वर्षभर सुविचारच. गंमत अशी की भाव खरोखर उतरले ते त्याच काळात, म्हणजे लिहिण्यासारखी बातमी होती तेव्हा आमचा फळा सदाचाराचे धडे देत होता.

१९८० मध्ये ताईचं लग्न ठरलं. १९७० ला दहा ग्रॅम सोनं दोनशेच्या आत मिळे, ते तेराशेच्या घरात गेलेलं. सराफ्यात दिवसभर हिंडून बाबांनी दोन पाटल्यांची एक केली. रात्री तिथंच पेढ्या बंद होऊन खाण्याची दुकानं लागली, तेव्हा भुट्ट्याचा कीस खाताना सर भेटले.

“काय रे, आजची बातमी?”

“सोनं तेराशे, सर.”

“ते राहू दे. अक्षर कसंय?”