कालचा आवाज

सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा फोन आला. "लॅपटॉप सुरू होतो, पंखाही फिरतो, पण बोलत नाही," एवढेच ते म्हणाले. हीच तक्रार दुसऱ्या कोणी केली असती तर मी ती दुपारच्या कामांत ढकलली असती, कारण लॅपटॉपचा आवाज गेला म्हणून सहसा कोणाचे काम अडत नाही. हे सहकारी मात्र जन्मापासून दृष्टिहीन आहेत. ऑर्का हा स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो आणि त्याच्या आधारावर ते दिवसभर मजकूर तपासणीचे काम करतात. त्यांच्या लेखी आवाज गेलेला लॅपटॉप म्हणजे बंद पडलेला लॅपटॉप.

मला अधिक खटकले ते वेगळ्याच कारणाने. तो नवा लॅपटॉप आदल्या दिवशी मीच तयार करून दिला होता. त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम बसवली, ऑर्का चालवून पाहिला, स्पीकरमधून तो बोलला आणि तो आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला. संध्याकाळी यंत्र बंद केले आणि त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.

त्यांच्या टेबलाशी जाऊन पाहिले तर पडद्यावर सारे आलबेल होते. आवाजाची पट्टी सत्तर टक्क्यांवर होती, आणि मिक्सरच्या खिडकीत ऑर्काच्या प्रत्येक शब्दाबरोबर हिरवी रेघ वरखाली होत होती. डोळ्यांनी पाहणाऱ्याला वाटावे की लॅपटॉप छान बोलतो आहे. हेडफोनची पिन लावली तेव्हा तो खरोखरच बोललाही. पिन काढली की पुन्हा शांतता.

लिनक्सवरचा आवाज कानापर्यंत येतो तो बरेच मजले उतरून. ऑर्का मजकूर स्पीच-डिस्पॅचरकडे देतो, तो ईस्पीककडून त्याचा ध्वनी तयार करून घेतो, तो ध्वनी सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र करणाऱ्या पाइपवायरकडे जातो, तेथून कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, अल्सा या ध्वनियंत्रणेकडे, अल्साचा ड्रायव्हर तो आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करणाऱ्या कोडेक चिपच्या हवाली करतो, आणि शेवटी अॅम्प्लिफायर व स्पीकर. यांतले पाइपवायर तुलनेने नवे. त्याच्या आधी बहुतेक ठिकाणी 2004 साली सुरू झालेले पल्सऑडिओ हेच काम करीत असे. अल्सा मात्र 1998 पासूनचे, आणि 2003 च्या डिसेंबरात आलेल्या 2.6 या कर्नलपासून ते लिनक्सच्या स्थिर आवृत्तीचा भाग आहे. हिरवी रेघ हलत होती आणि हेडफोन वाजत होता, याचा अर्थ कोडेकपर्यंतचे सगळे मजले शाबूत होते. बिघाड होता तो अगदी तळमजल्यावर, कोडेक आणि स्पीकर यांच्या दरम्यान.

काम सुरू करण्यापूर्वी एक अडचण सोडवायची होती. स्पीकर तपासायचा तर हेडफोन काढावा लागणार, आणि हेडफोन काढला की सहकाऱ्यांना पडद्यावर काय चालले आहे ते कळणार नाही. त्यांना बाजूला बसवून त्यांचाच लॅपटॉप उसकणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून यूएसबीचा हेडसेट जोडला. असा हेडसेट स्वतःचे वेगळे साउंड कार्ड घेऊन येतो, आणि त्याला कर्नलमधला सर्वसाधारण यूएसबी ऑडिओ ड्रायव्हर पुरतो. ऑर्काचा आवाज तिकडे वळवला. त्यांनी हेडसेट एका कानावर चढवला आणि दुसरा कान माझ्यासाठी मोकळा ठेवला.

आधी नेहमीच्या तपासण्या उरकल्या. कार्डांच्या यादीत अॅनालॉग कार्ड दिसत होते. म्हणजे कार्डच न सापडल्यावर दिसणाऱ्या 'डमी आउटपुट'चा हा प्रकार नव्हता. कर्नलच्या नोंदींमध्ये चूक म्हणून एकही ओळ नव्हती. उलट कोडेकने स्पीकरची पिन आणि हेडफोनची पिन अशा दोन्ही नीट ओळखल्याचे तेथे लिहिले होते. अल्साच्या पातळ्या दाखवणाऱ्या अल्सामिक्सरमध्ये मास्टर आणि स्पीकर दोन्ही शंभरावर होते आणि कशाच्याही खाली म्यूटची 'एमएम' ही खूण नव्हती. हेडफोन लावताच स्पीकर गप्प करणारी ऑटो-म्यूट सोयही बंद करून पाहिली. काही उपयोग झाला नाही.

मग मधले सगळे वगळून थेट कार्डावर चाचणीचा ध्वनी सोडायचे ठरवले, तर कार्ड व्यग्र असल्याचे उत्तर आले. साहजिक होते, पाइपवायरने ते धरून ठेवले होते. मी फारसा विचार न करता पाइपवायरच थांबवले. शेजारी एक वाक्य टाइप करीत असलेल्या सहकाऱ्यांचा हात थबकला.

"अहो, माझे दिवे घालवलेत तुम्ही," ते शांतपणे म्हणाले.

यूएसबी हेडसेटचा आवाजही पाइपवायरमधूनच जातो, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. इतकी वर्षे मी ही आज्ञा देत आलो आहे, पण तिने समोरच्या माणसाचे काय होते हे त्या दिवशी प्रथम कळले. सेवा पुन्हा सुरू केली, त्यांची माफी मागितली, आणि आधीच वापरायला हवा होता तो मार्ग वापरला: फक्त अंतर्गत कार्डाचे प्रोफाइल 'ऑफ' केले, की पाइपवायर तेवढे एक कार्ड सोडून देते आणि बाकीचे चालू राहते.

थेट कार्डावर चाचणी चालवली, तरी मला काही ऐकू आले नाही. सहकाऱ्यांनी मात्र हात वर करून मला थांबवले, हेडसेट काढला आणि कीबोर्डाखालच्या कडेला कान टेकवला. "पुन्हा करा," म्हणाले. मी पुन्हा चाचणी लावली आणि थांबवली. "सुरुवातीला टक् झाले. तुम्ही थांबवल्यावर साधारण दहा सेकंदांनी पुन्हा टक् झाले. बाकी काही नाही." ड्रायव्हरच्या वीजबचतीची मर्यादा उघडून पाहिली तर तेथे दहाचाच आकडा होता: दहा सेकंद काही वाजले नाही की ड्रायव्हर कोडेकची वीज काढून घेतो. त्यांनी घड्याळाविना सांगितलेला काळ अचूक होता. त्या बारीकशा 'टक्'मधून मला हवी ती माहितीही मिळाली. स्पीकर फाटलेला नव्हता, त्याची तार तुटलेली नव्हती. वीज येत-जात होती, फक्त आवाजाला जोर देणारा अॅम्प्लिफायर जागा होत नव्हता.

मग काल तो जागा कसा होता?

रात्रीतून आपोआप एखादे अपडेट झाले असेल, हा माझा पहिला संशय. पॅकेजांच्या नोंदी पाहिल्या, तर रात्री काहीच बदललेले नव्हते. तरीही एक जुना कर्नल निवडून पाहिला, तोही मुकाच. यात पाऊण तास गेला. शेवटी सहकाऱ्यांनीच विचारले, "काल तुम्ही आवाज ऐकलात त्याच्या आधी नेमके काय केले होते? अगदी क्रमाने सांगा." मी आठवून सांगू लागलो. लॅपटॉपसोबत आलेली मूळ ऑपरेटिंग सिस्टीम मी काढून टाकली नव्हती, कारण बायोसचे, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचे, अद्ययावतीकरण तिच्यातूनच करायचे होते. लिनक्स बसवून झाल्यावर ते केले, मग तेथूनच 'रीस्टार्ट' निवडून लिनक्समध्ये आलो आणि ऑर्का तपासला.

हे सांगता सांगताच माझी चूक माझ्या लक्षात आली. रीस्टार्ट करताना यंत्राची वीज पूर्ण जात नाही. मूळ सिस्टीमच्या ड्रायव्हरने कोडेकमध्ये आणि अॅम्प्लिफायरमध्ये ज्या मांडण्या लिहिल्या होत्या, त्या तशाच टिकून राहिल्या, आणि लिनक्सला अॅम्प्लिफायर आयता जागा मिळाला. संध्याकाळी यंत्र बंद केले तेव्हा त्या मांडण्या पुसल्या गेल्या, आणि सकाळी लिनक्स एकट्याच्या बळावर सुरू झाले. काल मी ऐकलेला आवाज खरा होता, पण तो दुसऱ्याच्या पुण्याईवरचा होता.

खात्री करून घेणे सोपे होते. मूळ सिस्टीम सुरू केली, तेथून रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलो, आणि लॅपटॉप खणखणीत बोलू लागला. मग बंद केला, चार्जरही काढला, कारण काही यंत्रांत चार्जर लावलेला असेपर्यंत राखीव वीज चिपपर्यंत पोहोचत राहते. एक मिनिट थांबून सुरू केला, तर पुन्हा मौन. हाच प्रयोग सहकाऱ्यांच्या आग्रहावरून तीनदा केला. तिसऱ्यांदा मला कंटाळा आला होता, त्यांना नाही.

असे का व्हावे, हे थोडे समजावून सांगायला हवे. इंटेलने 2004 मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ हे मानक आणले, आणि त्यामुळे एकच ड्रायव्हर असंख्य लॅपटॉपांवर चालू लागला. कोडेक चिप आपल्यात काय काय आहे ते स्वतः सांगते, आणि कोणती पिन कशाला जोडली आहे ते बायोस तिच्यात लिहून ठेवतो. परंतु लॅपटॉपचा आराखडा करणारा अभियंता जो अॅम्प्लिफायर बसवतो, तो कसा जागा करायचा याचे तपशील या मानकात बसतातच असे नाही. ते कोडेकच्या खासगी रजिस्टरांमध्ये, म्हणजे चिपमधल्या मांडण्यांच्या कप्प्यांमध्ये, जातात, आणि त्यांचे आकडे मूळ सिस्टीमसोबत येणाऱ्या ड्रायव्हरमध्येच असतात. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये यासाठी अपवादांची एक लांबलचक यादी आहे: अमुक सबसिस्टीम आयडीचा (प्रत्येक मॉडेलच्या ओळखक्रमांकाचा) लॅपटॉप दिसला की तमुक दुरुस्ती लागू करायची. ही यादी वर्षानुवर्षे एकेका ओळीने वाढत गेली आहे, आणि तिच्यातील जवळपास प्रत्येक ओळीमागे माझ्यासारखा कोणीतरी मुक्या यंत्रापुढे बसलेला असणार. आमच्या लॅपटॉपचा आयडी त्या यादीत नव्हता.

आता दोन्ही अवस्थांतील कोडेकची तुलना करता येणार होती. ड्रायव्हरला खासगी रजिस्टरांची नोंदही छापायला सांगून मी बोलत्या अवस्थेतील आणि मुक्या अवस्थेतील अशा दोन याद्या काढल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. मोजक्याच ओळी वेगळ्या निघाल्या. येथे मोह होतो तो सगळे वेगळे आकडे सरसकट लिहून टाकण्याचा. तो मी आवरला, कारण अॅम्प्लिफायरच्या मांडण्यांत स्पीकरला किती शक्ती द्यायची याच्या मर्यादाही असू शकतात, आणि चुकीच्या आकड्याने चिमुकला स्पीकर जळू शकतो. म्हणून कर्नलच्या स्रोतातील अपवादांची यादी उघडली. त्याच मालिकेतील एका जुळ्या मॉडेलचा आयडी तेथे होता, आणि त्याच्या दुरुस्तीत जे आकडे लिहिले होते ते माझ्या यादीतल्या वेगळ्या ओळींशी जुळत होते.

प्रथम हे आकडे एचडीए-व्हर्ब या कोडेकला थेट आज्ञा देणाऱ्या साधनाने हाताने लिहून पाहिले. शेवटचा आकडा लिहिताच स्पीकरमधून चाचणीचा आवाज उमटला, तोही मध्येच, एका शब्दाच्या पोटातून. आनंद फार टिकला नाही. लॅपटॉप झोपवून उठवला तर आवाज गायब, कारण झोपेत कोडेकची वीज जाते आणि हाताने लिहिलेले पुन्हा लिहिणारे कोणी नसते. ड्रायव्हरच्या दुरुस्तीचे तसे नसते, ती जागे होताना दर वेळी नव्याने लागू होते. म्हणून ड्रायव्हर चढवणाऱ्या मोडप्रोबच्या निर्देशिकेत एक फाइल तयार केली आणि तिच्यात एकच आज्ञा लिहिली: साउंड ड्रायव्हरने 'मॉडेल' या पर्यायाद्वारे आमच्या लॅपटॉपला त्या जुळ्या भावंडाच्या आयडीने ओळखावे. यंत्र सुरू होताना कर्नल सर्वांत आधी वापरतो ती प्रारंभिक रॅम-प्रतिमा नव्याने बांधली आणि यंत्र बंद केले.

या वेळी चाचणी सहकाऱ्यांनी स्वतः घेतली. चार्जर त्यांनीच काढला, मिनिट त्यांनीच मोजले, बटण त्यांनीच दाबले. लॉगिनच्या पडद्याशी येताच ऑर्का स्पीकरमधून बोलला. मग झाकण मिटून झोपवणे, उठवणे, हेडफोन लावणे, काढणे, पुन्हा पूर्ण बंद करणे, असे सगळे त्यांनी पद्धतशीर करून पाहिले. मी आदल्या दिवशी यातले एकही केले नव्हते.

त्या संध्याकाळी अपवादांच्या यादीत आमच्या लॅपटॉपचा आयडी भरणारी एका ओळीची दुरुस्ती तयार केली आणि दोन्ही अवस्थांच्या नोंदी जोडून कर्नलच्या ध्वनिविभागाची देखभाल करणाऱ्यांकडे पाठवली. ती स्वीकारून पुढच्या एखाद्या कर्नलमध्ये आली, की मोडप्रोबमधली ती फाइल काढून टाकायची आहे. तशी टीप त्या फाइलच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवली आहे.

मी निघालो तेव्हा सहकाऱ्यांनी यूएसबी हेडसेट गुंडाळून माझ्या हातात दिला आणि सकाळपासून खोळंबलेला मजकूर उघडला. ऑर्काचा वेग त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे वाढवला. तीन तास ज्या आवाजाच्या मागे लागलो होतो तो अखेर स्पीकरमधून धो धो वाहू लागला, आणि त्यातला एकही शब्द मला कळेना.

"नीट वाजतो आहे ना?" मी दारातून विचारले.

"डावा स्पीकर उजव्यापेक्षा किंचित हळू आहे," ते म्हणाले, "पण ते उद्या पाहू."

अल्सामिक्सरमध्ये दोन्ही बाजू शंभरावरच होत्या. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर डाव्या स्पीकरच्या जाळीवर कारखान्यातील पारदर्शक फीत तशीच चिकटलेली होती.