पाच मासे घरी नेता येतात, मग कधी पाच आणि कधी एकही नाही, असं का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. प्रश्न साधारण असा असतो: अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात दिवसाला पाच ट्राउट मासे घरी न्यायची मुभा आहे. एप्रिलमध्ये तुम्ही पाचच्या पाच आणता, आम्हालाही दोन देता. मग मे महिन्यात तितक्याच हौसेने गरवायला जाता आणि हात हलवत परत येता. मासे लागले नाहीत म्हणावं तर फोनवर फोटो असतात. हे काय गौडबंगाल आहे?

माझे फ्लायने, म्हणजे गरीवर बांधलेल्या बनावट माशीने, मासे धरून परत सोडणारे मित्र उलट्या बाजूने विचारतात, "तू अजून मासे मारतेस?" सूर असा, की मी संकष्टीच्या दिवशी ओट्यावर कोलंबी सोलत बसले आहे.

दोघांनाही उत्तर एकच: मासा ट्रकचा आहे की ओढ्याचा, यावर ते ठरतं.

ट्रकचा म्हणजे काय ते आधी सांगते. पेनसिल्व्हेनियाचं मत्स्य आणि नौका आयोग दरवर्षी 32 लाखांच्या आसपास मोठे ट्राउट राज्यभरातल्या ओढ्यांत आणि तळ्यांत सोडतं. आमच्या जवळचा विसाहिकन ओढा त्यातलाच. चक्क फिलाडेल्फिया शहरातून वाहतो. मोसमाच्या आधी हॅचरीचा, म्हणजे मासे वाढवणाऱ्या केंद्राचा, ट्रक रस्त्याकडेला येऊन थांबतो, माणूस टाकीवर चढून जाळ्याने मासे उपसतो आणि खाली आम्ही हौशी मंडळी बादल्या घेऊन उभे. बादलीत डोकावून बघा. पाठीवरचा पर झिजून बुटका झालेला, छातीचे पर कडेला कुरतडल्यासारखे. काँक्रीटच्या हौदात गर्दीत घासून घासून वाढलेला मासा तो. जन्मभर गोळीखाद्य खाल्लेलं, म्हणून डब्यातल्या मक्याच्या दाण्यालाही तोंड लावतो. ओढ्यातल्या किड्यांची त्याला ओळख व्हायची असते.

हा मासा पाण्यात पडतो तेव्हाच सरासरी 11 इंचांचा असतो. आणि नियम काय? सात इंचांपेक्षा लहान ट्राउट न्यायचा नाही. म्हणजे लांबीच्या ज्या नियमावरून काठावर हमरीतुमरी चालते, तो ट्रकच्या माशाला लागूच पडत नाही. ट्रकमधून सहा इंचांचं पिल्लू सहसा येतच नाही.

लांबीच्या नियमाचा हेतू आपल्याकडे कोळीवाड्यात कुणीही सांगेल. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, ती एवढ्याचसाठी की सरंग्याने, सुरमईने जाळ्यात येण्याआधी एकदा तरी अंडी घालावीत. ट्रकच्या ट्राउटचा संसार बहुतेक ओढ्यांत तिथवर पोचतच नाही. ट्राउट थंड पाण्याचा जीव. पाणी 20 अंश सेल्सियसच्या वर गेलं की त्याला धाप लागते, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी आणि त्याची गरज मात्र जास्त. विसाहिकनचं पाणी उन्हाळ्यात याहून कितीतरी तापतं. एप्रिलमध्ये सोडलेला मासा तोवर कुणाच्या गरीला लागला नाही, तर बगळ्याला लागतो, नाहीतर उताणा होऊन वाहत जातो. असा मासा मी घरी आणते तेव्हा ओढ्याचं काही कमी करत नाही. आणते, हळद-मीठ लावते, रव्यात घोळवते आणि तुम्हाला देते. चवीला बांगड्याच्या जवळपासही नाही, हे तुम्हीही मनातल्या मनात म्हणत असणार.

मग पाचाची मर्यादा कशासाठी? वाटणीसाठी. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी आठ वाजता मोसम उघडतो तेव्हा पुलाखाली खांद्याला खांदा लावून माणसं उभी असतात. ट्रक नेमका कुठे थांबला होता हे माहीत असलेल्या चौघांनी पिंपं भरून नेऊ नयेत, आजोबांबरोबर आलेल्या पोरालाही एक मिळावा, एवढाच तो मामला. त्यामुळे "पाचाचे तीन करा" असं कुणी म्हटलं तर माझा विरोध नाही, पण त्याला संवर्धन म्हणू नका. काठावरच्या बहुतेकांना दिवसभरात एक-दोनच लागतात. तीन केले काय नि पाच केले काय, फरक पडतो तो मोजक्या पटाईतांना.

"सातचे नऊ करा, दहा करा, मासे मोठे होतील," या मागणीला मात्र माझा ठाम विरोध आहे. गांडूळ लावून गरवणाऱ्याचा मासा बरेचदा गरी गिळतो. घशात, कल्ल्यांपाशी रुतलेली गरी ओढून काढली की तो जगण्याची शक्यता फार कमी, दोरी कापून गरी आत ठेवली तर जरा बरी. फ्लाय किंवा बनावट आमिषाची गरी सहसा ओठात अडकते, असे परत सोडलेले मासे बहुतेक जगतात. मग गांडूळवाल्यांच्या गर्दीत लांबीची अट वाढवून होणार काय? कमी भरलेला मासा कायद्याला भिऊन पाण्यात टाकायचा आणि तो दहा हातांवर जाऊन मरायचा. न खाल्ला, न वाचला. परत सोडायची अट घालायची असेल तर आमिषाचीही घाला, नाहीतर राहू द्या.

आयोगाने नेमकं हेच काही ठिकाणी केलं आहे आणि तो नियम मला नियमांच्या अख्ख्या पुस्तिकेत सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. अशा पट्ट्यांत फक्त बनावट आमिष चालतं. 15 जूनपर्यंत सगळे मासे परत सोडायचे, म्हणजे वसंतात तोच मासा चार जणांना खेळवता येतो. त्यानंतर सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत नऊ इंचांवरचे तीन न्यायची परवानगी. पाणी तापून मासे फुकट जाण्याच्या सुमारास ते ताटात जावेत, असा हिशोब. हा नियम काढणाऱ्याने ओढ्यात पाय बुडवले असणार.

आता मे महिन्याबद्दल. तेव्हा मी बहुधा व्हॅली क्रीकवर असते. व्हॅली फोर्जच्या उद्यानातून वाहणारा हा लहानसा ओढा. वरच्या अंगाला रेल्वेचं यार्ड होतं, तिथून पीसीबी नावाची विषारी रसायनं ओढ्यात उतरली. 1985 च्या सुमारास हे लक्षात आल्यावर इथले मासे खायला बंदी आली आणि ट्रकही बंद झाला. न कुणी आणून सोडायचं, न कुणी न्यायचं. त्या ओढ्यात आज ब्राउन ट्राउट स्वतःच्या बळावर नांदतात. आठ इंचांचा मासा ओल्या हातात घेतला तर पर कसे अखंड, कोरीव. अंगावरच्या लाल ठिपक्यांना फिकट कडं आणि शेपटीजवळच्या इवल्याशा पराला नारिंगी कड. विषामुळे ओढा वाचला असं मी म्हणणार नाही, झरे थंड आहेत म्हणून वाचला. पण ट्रक थांबल्याने बिघडलं काहीच नाही. मोंटाना राज्याने तर मॅडिसन नदीवरच्या अभ्यासानंतर 1974 पासून आपल्या नद्यांत हॅचरीचे ट्राउट सोडणंच थांबवलं. हौदातले मासे आणून ओतले की नदीतले कमी होतात, असं तिथे दिसलं होतं.

माझं खरं भांडण ट्रकच्या माशावरून नाहीच. विशेष नियमांचे ओढे सोडले तर तोच सात इंच-पाच मासे हा नियम डोंगरातल्या अरुंद ओढ्यांनाही लागू आहे. तिथे ब्रुक ट्राउट राहतो, या राज्याचा अधिकृत मासा, मूळचा इथलाच. त्या पाण्यात तो पाच-सहा इंचांचा असतानाच अंडी घालायला लागतो आणि सात इंचांवर क्वचितच जातो. म्हणजे सातचा आकडा खरा उपयोगी पडतो तो इथे. पण एका डोहातून सातच्या वरचे पाच उचलले, तर त्या डोहातले सगळ्यात मोठे, सगळ्यात जास्त अंडी घालणारे मासे गेले. दुसऱ्या आठवड्यात तिथे कुठला ट्रक येणार नाही. अशा ओढ्यांना पाच नव्हे, फार तर एक, असं माझं मत आहे. काठावर हे बोलले की "लायसन्सचे पैसे आम्हीही भरतो" हे ठरलेलं उत्तर येतं. पैसे ट्रकच्या माशासाठी भरले असतील तर तो जरूर न्या, त्यात मी वाटेकरी आहेच.

तर पुढच्या वर्षी कुठल्या महिन्यात मासे मागायचे ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. एप्रिलमध्ये हक्काने मागा, मे महिन्यात फक्त फोटो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये विचारूच नका. पाणी तापलेलं असताना परत सोडलेला ट्राउटही धापेनेच मरतो, म्हणून तेव्हा माझी काठी माळ्यावर असते.