तेच कार्ड, दोन ग्रेड
आज पार्सल आलं. माझ्या संग्रहातल्या एका कार्डाला दोन वर्षांपूर्वी ग्रेडिंग कंपनीने, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून १० पैकी आकडा देणाऱ्या कंपनीने, ९ ग्रेड दिला होता. त्याची प्लास्टिकची केस फोडून मी ते त्याच कंपनीकडे पुन्हा पाठवलं होतं. १० ची आशा होती, हाती पडला ८. तासभर भिंग लावून बसलो. वरच्या उजव्या कोपऱ्यात कागदाचा केसाएवढा पांढरा तंतू सुटलाय. पण तो माझ्या जुन्या फोटोतही आहे! मग तेव्हा तो कुणालाच दिसला नाही?

राहून राहून अमेरिकन बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं टी२०६ मालिकेतलं प्रसिद्ध कार्ड आठवतंय. १९९१ मध्ये पीएसए या ग्रेडिंग कंपनीने ग्रेड केलेलं पहिलंच कार्ड, ग्रेड ८. आणि २०१३ मध्ये अशा कार्डांचे लिलाव करणाऱ्या बिल मास्ट्रोने कोर्टात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्यानेच कापल्या होत्या. कड कापलेल्या कार्डाला खरं तर आकडा मिळायलाच नको.

ग्रेडिंग कडक असावं, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण कोपरा, कड, सेंटरिंग (चित्र मधोमध असणं) की पृष्ठभाग, नेमकं कुठे अडलं हे दोन ओळींत लिहून तरी द्या. घेणारा माणूस कार्ड हातात न धरता निव्वळ त्या आकड्यावर पैसे मोजतो हो.

हे कार्ड कधी विकलंच, तर दोन्ही ग्रेड सांगून विकेन.