अबायडोस आधी, डेंडेरा नंतर

एजंट उलटं सांगेल. ऐकू नका.

इजिप्तमधल्या लक्सॉरहून अबायडोस दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. दोन्हीकडे प्राचीन देवळं. 'वाटेत डेंडेरा, मग अबायडोस, आरामात होतं', असं सांगून आम्हाला गाडी दिली. निघताच अलाबास्टर दगडाच्या वस्तूंच्या दुकानात पाऊण तास गेला. मी 'नको' म्हटलं, तर चालकाने चहा मागवला! डेंडेरा छान, पण तिथेच दुपार झाली. पुढे कालव्याकाठचा रस्ता म्हणजे गाव आलं की गतिरोधक, नाहीतर चौकी. पाठीचं भुस्कट. अबायडोसला, फेरो सेती पहिल्याच्या देवळात पोचलो तेव्हा तीन वाजून गेलेले आणि चालकाला उजेडात परतायची घाई. हातात चाळीस मिनिटं.

त्यातली दहा रखवालदाराने खाल्ली. तुळईवरचं 'हेलिकॉप्टर', म्हणजे तसं दिसणारं कोरीवकाम, दाखवायचे २०० इजिप्शियन पौंड. देऊ नका. सेतीच्या कोरलेल्या उपाध्यांवर गिलावा भरून त्याच्या मुलाने, रामसेस दुसऱ्याने, आपल्या कोरल्या. गिलावा गळला आणि दोन्ही एकात एक दिसायला लागल्या, एवढंच ते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला वेगळी टॅक्सी करून परत गेलो. बायको म्हणाली, 'त्याच भिंती?' आणि झोपली. चुकलं तिचं.

वेरूळ पाहिलेल्या डोळ्याला हे काम आधी सपाटच वाटतं. उठाव नखाएवढा. छत शाबूत असल्यामुळे आत अंधार, आणि समोरून उजेड टाकला की उरलंसुरलंही पुसलं जातं. फ्लॅश तर विसराच. मोबाइलचा दिवा भिंतीलगत आडवा धरा, हात न लावता. झिरझिरीत वस्त्रातून सेतीची मांडी दिसते, चुणी न् चुणी मोजता येते. तळहातावर मातची, म्हणजे सत्याच्या देवीची, एवढीशी मूर्ती घेऊन तो देवापुढे उभा आहे. एका चौकटीपुढे मी वीस मिनिटं होतो.

पहिल्या सभामंडपात रेंगाळू नका. तो रामसेसने पुरा केला. बापाने आजूबाजूचा दगड तासून आकृती वर काढली. मुलाने आकृतीच दगडात खोल कोरली, काम लवकर उरकतं. फरक बघून रागच येतो. तडक दुसऱ्या मंडपात जा, मग सात गाभारे. त्यांच्या डावीकडच्या बोळात राजांची यादी: ७६ राजे, सेती धूप दाखवतोय आणि कानावर बट सोडलेला पोरगा रामसेस पोथी धरून उभा. हतशेपसुत, अखेनातेन, तुतनखामुन यांची नावं शोधत बसू नका, मुद्दाम गाळलीत.

मागे ओसिरिऑन आहे, ओसिरिस देवाची प्रतीकात्मक समाधी, पाण्यात उभी. पाच मिनिटं पुरे.

टॅक्सीवाल्याशी 'दुकान नाही, आधी अबायडोस, तिथे तीन तास' हे निघण्याआधी ठरवा आणि पैसे परतल्यावरच द्या. सुटे पौंड खिशात, खायचं बरोबर. लक्सॉरच्या कर्नाक देवळाचं सगळे लिहितात, मी लिहीत नाही.